तार न तोडता

गाडीच्या म्युझिक सिस्टीमचं काम करणाऱ्यांकडे येणारी मागणी गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. पूर्वी आवाज आवडला नाही की कंपनीचा स्टीरिओ काढायचा आणि मनासारखा दुसरा बसवायचा, एवढाच विषय असे. डॅशबोर्डमधली जागा ठरलेल्या मापाची होती, १८० बाय ५० मिलिमीटर किंवा तिच्या दुप्पट उंचीची, आणि त्या मापाचा कुठलाही स्टीरिओ तिथे बसे. आता स्क्रीन डॅशबोर्डचाच भाग झाली आहे. रिव्हर्स कॅमेरा तिच्यावर दिसतो, पार्किंग सेन्सरचं चित्र तिच्यावर येतं, काही गाड्यांत एसीची सेटिंगही तिच्यातच असतात. ती काढली तर गाडीची निम्मी सोय बंद पडते. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, स्क्रीन राहू दे, मागे ॲम्प्लिफायर लावून द्या. हे काम दोन तऱ्हांनी होतं. स्टीरिओच्या मागची स्पीकरची तार तोडायची, सोलायची, पिळायची आणि टेप मारायची, ही एक. गाडीच्या कपलरला जुळणारा तयार हार्नेस मध्ये घालून एकही तार न तोडता जोडणी करायची, ही दुसरी. दुसरी तऱ्हा वॉरंटी वाचवण्यासाठीच आहे, पहिली तऱ्हा खरा कारागीर करतो, असं आमच्या धंद्यात अजूनही बोललं जातं. मला हे मुळातूनच पटत नाही. वॉरंटी नावाची गोष्ट जगात नसती तरीही तार न तोडता केलेलं काम जास्त चांगलं ठरलं असतं, आणि त्याची कारणं विजेच्या वागण्यात आहेत.

आधी ॲम्प्लिफायर कशासाठी लावायचा ते पाहू, कारण तिथेच गैरसमज आहे. कंपनीच्या स्टीरिओच्या माहितीपत्रकात ‘५० वॉट गुणिले ४’ असं छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्टीरिओच्या आतल्या चिपमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारांवरचं व्होल्टेज उलटसुलट हलवलं जातं, त्यामुळे स्पीकरवर जास्तीत जास्त १४.४ व्होल्टचं शिखर गाठता येतं. ४ ओहमच्या स्पीकरवर त्याचा हिशोब मांडला तर सलग मिळणारी शक्ती २६ वॉटच्या आत भरते, आणि चिपमधली गळती वजा केली की हातात १८ ते २० वॉट उरतात. बाकीचे वॉट आवाज पूर्ण फाटलेला असताना मोजलेले असतात. याउलट ॲम्प्लिफायर आतल्या आत व्होल्टेज वाढवून घेतो, म्हणून ७५ वॉटचा चॅनेल खरोखर ७५ वॉट देऊ शकतो. पण २० वरून ७५ वॉटवर गेल्याने आवाज किती वाढतो? सहा डेसिबलही नाही. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. म्हणजे ॲम्प्लिफायर लावल्याने गाडी दणाणून जाते हा समज चुकीचा आहे. खरी मिळकत वेगळी आहे. ढोलकीवर थाप पडते तेव्हा क्षणभर लागणारी शक्ती सरासरीच्या कितीतरी पट असते. कंपनीचा स्टीरिओ त्या क्षणी छताला टेकतो, लाटेचं टोक कापलं जातं आणि थापेची धार बोथट होते. ॲम्प्लिफायरकडे वर जागा असते, म्हणून थाप थापेसारखी आणि आवर्तनात मागे वाजणारी झांज झांजेसारखी ऐकू येते. हा फायदा स्वच्छपणाचा आहे. ज्या कामात स्वच्छपणाच मिळवायचा, ते काम पिळलेल्या तारांवर उभं करण्यात अर्थ नाही.

तार तोडून केलेली जोडणी डॅशबोर्डच्या मागे कशी दिसते, हे उघडून पाहिलेल्या माणसालाच कळतं. कंपनीच्या वायरिंगमधली स्पीकरची तार अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या आसपास, पातळ कव्हरची, आणि टोकाला मशीनने क्रिंप केलेल्या टर्मिनलची असते. ती नेमक्या लांबीची असते, जास्तीची तार कुणी ठेवलेली नसते. आठ तारा कपलरजवळ तोडल्या की कपलरकडे दोन बोटं तार उरते. ती सोलून जोड मारला, नंतर कधी तो जोड तोडून पुन्हा मारला, की एक बोट उरते. तिसऱ्या माणसाला पकडायला काही राहतच नाही. त्यावर टेपचं दुखणं. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी आतून किती तापते ते सगळ्यांना माहीत आहे. त्या उष्णतेत टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि पिळलेली तार उघडी पडते. कोकणात तेच काम खारी हवा करते, तांब्यावर हिरवा थर चढतो. आता उघडी तार गाडीच्या पत्र्याला लागली तर काय? स्टीरिओच्या चिपमध्ये स्पीकरची एकही तार अर्थची नसते. दोन्ही तारांवर बॅटरीच्या साधारण निम्मं व्होल्टेज कायम उभं असतं. त्यातली कुठलीही पत्र्याला टेकली की चिप स्वतःला बंद करून घेते, आणि वारंवार तसं झालं की जळते. आजच्या गाडीत ती चिप स्क्रीनच्याच पाठीवर असते. म्हणजे काही रुपयांच्या टेपपायी संपूर्ण स्क्रीन बदलायची पाळी येऊ शकते, आणि तोवर कॅमेरा बंद.

हार्नेसची कल्पना अगदी साधी आहे. गाडीच्या कपलरची नर आणि मादी अशी दोन्ही रूपं एका छोट्या वायरिंगच्या दोन टोकांना लावलेली असतात. एक टोक स्टीरिओत जातं, दुसऱ्यात गाडीचं मूळ कपलर बसतं. बॅटरीचा प्लस, अर्थ, ॲन्टेना, स्टिअरिंगवरची बटणं, कॅन बस म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्यांवरून एकमेकांना निरोप देतात त्या पिळाच्या दोन तारा, हे सगळं आरपार जसंच्या तसं जातं, त्याला कुणी हात लावत नाही. फक्त स्पीकरच्या आठ तारांची वाट वळवलेली असते. स्टीरिओकडून आलेल्या आठ तारा ॲम्प्लिफायरच्या हाय लेव्हल, म्हणजे स्पीकरच्या तारेवरचा मोठा सिग्नल घेणाऱ्या, इनपुटला जातात, ॲम्प्लिफायरकडून निघालेल्या आठ तारा परत येऊन गाडीच्या मूळ कपलरमध्ये शिरतात आणि कंपनीच्याच तारांवरून दरवाजापर्यंत पोचतात. कामाला हात न लावलेल्या माणसाला यात फक्त सोय दिसते. माझ्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट नंतर, बिघाड शोधताना कळते. समजा इंजिन रेस केलं की स्पीकरमधून ‘कुई’ असा चढता सूर येतो. तो अल्टरनेटरचा आवाज आहे हे उघड, पण तो कुठून शिरला? तोडलेल्या वायरिंगमध्ये आठ तारांचे सोळा जोड संशयित असतात, आणि प्रत्येक जोड उघडून पाहायचा म्हणजे प्रत्येक जोड आणखी कमजोर करायचा. हार्नेस असेल तर दोन कपलर सोडवायचे, गाडीचं मूळ कपलर थेट स्टीरिओत लावायचं. गाडी शोरूममधून आली त्या अवस्थेत परत येते. सूर गेला तर दोष आपल्या जोडणीत, नाही गेला तर गाडीत किंवा स्टीरिओत. मग हार्नेस परत लावून ॲम्प्लिफायरचे फक्त इनपुट काढायचे. तरीही सूर राहिला तर अर्थ किंवा पॉवरची तार, गेला तर सिग्नलची वाट. दहा-पंधरा मिनिटांत दोषाचं घर सापडतं. तार तोडली की ही परत जाण्याची वाट कायमची बंद होते, कारण मुळात गाडी कशी होती हे तपासायला मूळच उरत नाही. दुरुस्तीच्या कामात ‘पूर्वी कसं होतं’ याइतका भरवशाचा दुसरा पुरावा नसतो, आणि कातरीच्या एका दाबात तो जातो.

यावर जाणकार माणसं एक रास्त आक्षेप घेतात. मध्ये आणखी कपलर आलं म्हणजे आणखी संपर्कबिंदू आले, आणि शिवाय आवाज त्याच कंपनीच्या बारीक तारांवरून जाणार. ७५ वॉटला ती तार पुरेल का? नवी जाड तार थेट दरवाजापर्यंत ओढलेली बरी नाही का? याचं उत्तर आकड्यांत देता येतं. ४ ओहमच्या स्पीकरवर ७५ वॉट म्हणजे ४.३ अँपिअर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे ०.०३४ ओहम विरोध असतो. स्टीरिओपासून दरवाजापर्यंत तीन मीटर धरले तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे ०.२ ओहम. ४ ओहमच्या तुलनेत त्याने आवाज अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी घटतो. तो फरक कानाला ओळखू येत नाही. तारेच्या तापण्याचं म्हणाल तर गाणं म्हणजे सलग ७५ वॉट नव्हे, त्याची सरासरी त्याच्या लहानशा भागाएवढीच असते. आणि चांगल्या कपलरच्या एका संपर्काचा विरोध काही मिली-ओहम, म्हणजे हिशोबात धरावा असा नाहीच. उलट नवी तार दरवाजात नेण्याची किंमत पाहा. दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून ती ओवायची, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत त्या ठिकाणी नळीच नसून मोठं कपलर असतं, म्हणजे त्यालाच भोक पाडायचं. पावसाचं पाणी नेमकं तिथूनच आत येतं. अर्धा डेसिबल वाचवण्यासाठी पॉवर विंडोच्या वायरिंगमध्ये पाणी शिरवणं हा शहाणपणाचा सौदा नाही. सबवूफरची गोष्ट वेगळी. तिथे काही शे वॉट असतात आणि त्याची तार तशीही स्वतंत्रच ओढावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि त्याचा काही भाग मी मान्य करतो. स्टीरिओच्या चिपमधून एकदा मोठा झालेला आवाज पुन्हा ॲम्प्लिफायरला देणं म्हणजे आधीच उष्टावलेला सिग्नल मोठा करणं, असं म्हटलं जातं. हाय लेव्हल सिग्नलचे गुण मात्र विसरले जातात. बाजारातल्या स्टीरिओचा लाइन आउट दोन-चार व्होल्टचा असतो, स्पीकरच्या तारेवर नऊ व्होल्टपर्यंत मिळतात. सिग्नल मोठा असल्यामुळे वाटेत मिसळणारी खरखर त्याच्या तुलनेत बारीक राहते. ॲम्प्लिफायरचं इनपुट डिफरेन्शियल असेल, म्हणजे दोन्ही तारांमधला फरक तेवढाच ते वाचत असेल, तर दोन्ही तारांवर सारखा चढलेला अल्टरनेटरचा सूर आपोआप वजा होतो. दुखणं होतं ते स्पीकरचा सिग्नल लाइन आउटच्या पातळीवर आणणारे स्वस्तातले कन्व्हर्टर वापरले की. काहींतल्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खालचा बेस गळतो, काहींत इनपुटची वजा तार सरळ अर्थला जोडलेली असते आणि वर सांगितलेल्या निम्म्या व्होल्टेजमुळे चिप धोक्यात येते. त्यामुळे हार्नेस कितीही चांगला असो, पलीकडचं इनपुट डिफरेन्शियल आहे याची खात्री केल्याशिवाय जोडणी करू नये. काही कंपनी स्टीरिओ आपल्यापुढे स्पीकर आहे की नाही हेही तपासतात, आणि ॲम्प्लिफायरचं इनपुट त्यांना रिकाम्या तारेसारखं दिसतं. तिथे लोड रेझिस्टर लागतो, काही ॲम्प्लिफायरमध्ये तो आतच असतो.

मान्य करण्यासारखा भाग असा, की कंपनी सिग्नलमध्ये आधीच हात घालते. साध्या कागदी कोनचे स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक स्टीरिओ आवाज वाढवू तसा बेस हळूहळू कमी करतात. काही गाड्यांत दरवाजाच्या आणि डॅशवरच्या स्पीकरला वेगवेगळ्या पट्ट्या वाटून दिलेल्या असतात. ॲम्प्लिफायर हे सगळं इमानाने मोठं करतो, दोषासकट. पण यात तार तोडणाऱ्याचा काय फायदा झाला? त्यालाही तोच सिग्नल मिळतो. हा दोष हार्नेसचा नाही, मुळाचा आहे, आणि त्याचा इलाज डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) असलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे, ज्यात सिग्नल मोजून पट्ट्या एकत्र करता येतात आणि कमी केलेला बेस परत सपाट करता येतो. तोही हार्नेसवरच बसतो. साध्या ॲम्प्लिफायरवर काम करायचं असेल तर १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून स्टीरिओचा आवाज कितव्या आकड्यावर फाटायला लागतो ते ऑसिलोस्कोपवर पाहावं, त्याच्या खालचा आकडा पक्का करावा आणि ॲम्प्लिफायरचा गेन त्या आकड्याला बसवावा. स्पीकर काढून मल्टिमीटरवर पाहिलं तर ४ ओहमसाठी ७५ वॉट म्हणजे १७.३ व्होल्ट. त्याच्या पुढे गेन फिरवू नये. इथे एक बारकी गोष्ट सहज विसरली जाते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना सीटबेल्टची आठवण, ताशी ८० किलोमीटरच्या पुढे वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. काही गाड्यांत हे इशारे स्पीकरमधूनच वाजतात. गेन बेसुमार असेल तर गाडी मागे घेताना ‘बीप’ कानठळ्या बसवतो, आणि ॲम्प्लिफायर जागा व्हायला उशीर लावत असेल तर पहिला इशारा ऐकूच येत नाही. ही सुरक्षेची गोष्ट आहे. गाडी ताब्यात देण्याआधी रिव्हर्स टाकून, बेल्ट काढून, दोन्ही इशारे ऐकवून दाखवले पाहिजेत.

आता राहिला पैशांचा आणि मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न. खपाच्या गाड्यांचे हार्नेस बाजारात मिळतात. ज्यांचे मिळत नाहीत, तिथे त्या जातीचं कपलर आणि टर्मिनल घेऊन हार्नेस तयार करता येतो. वेळ जातो, पण एकदा नकाशा काढला की पुढच्या गाडीला तोच चालतो. स्टीरिओच्या मागे पोचणंच अवघड असेल तर दरवाजातल्या स्पीकरच्या छोट्या कपलरवरही हेच तत्त्व चालवता येतं. काही महाग गाड्यांत मात्र स्टीरिओकडून ॲम्प्लिफायरकडे आवाज ऑप्टिकल फायबरवरून जातो. तिथे स्पीकरच्या तारांचा हार्नेस कंपनीच्या ॲम्प्लिफायरच्या पुढे लावावा लागतो, नाहीतर त्या जाळ्याची भाषा समजणारा वेगळा मॉड्यूल. आणि कुठलाही मार्ग नसेल तर ते गिऱ्हाइकाला सांगून तार तोडावी, पण मग तो जोड पिळाचा आणि टेपचा नसावा, नेमक्या मापाच्या स्लीव्हने, चांगल्या पकडीने क्रिंप केलेला असावा. गाडी कंपन्यांचं स्वतःचं वायरिंगही क्रिंपवरच चालतं. सोल्डर मारलेला जोड मात्र तारेत कडक होतो, आणि कंपनांत कडक भाग जिथे संपतो तिथे तार तुटते. ‘न तोडता’ या नावाखाली तारेवर चावा घेणाऱ्या क्लिप वापरल्या जातात, त्यांची शिफारस मी कधीच करणार नाही. त्यांचं पातं आतल्या तारांतल्या काही धाग्यांना कापतं आणि कव्हरला कायमची जखम करतं. ती तोडणीच आहे, फक्त दिसत नाही. ॲम्प्लिफायर चालू करण्याच्या तारेबाबत हेच खरं आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत स्टीरिओला चावीची वेगळी तारच येत नाही, जागं होण्याचा निरोप कॅन बसवरून येतो. म्हणून डॅशखाली दिसेल त्या तारेला टोचून बारा व्होल्ट शोधत बसू नये. सिग्नल आला की स्वतः जागा होणारा ॲम्प्लिफायर घ्यावा, नाहीतर फ्यूज बॉक्समध्ये ॲड-अ-फ्यूज लावून योग्य सर्किटवरून तार घ्यावी.

पॉवरच्या तारेला हार्नेसचा उपयोग नाही, आणि ‘न तोडता’ म्हणजे ‘खूण न ठेवता’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. चार चॅनेलला ७५ वॉट देणारा क्लास डी ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात २६ अँपिअरच्या आसपास ओढतो. स्टीरिओच्या मागची तार हे ओझं झेलू शकत नाही, तार थेट बॅटरीपासूनच आणावी लागते. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट, अर्थ रंग खरवडलेल्या पत्र्यावर नट-बोल्टने घट्ट थिंबलसह. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, ॲम्प्लिफायरला नव्हे. तारेच्या जाडीपेक्षा मोठा फ्यूज घातला की आग लागायची वाट मोकळी झाली. शक्य तिथे आधीपासून असलेल्या ग्रोमेटमधूनच तार न्यावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा आता सर्रास ‘किट’मध्ये येतात, त्यांचा विरोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, म्हणून एक माप जाड घ्यावी किंवा शुद्ध तांबं घ्यावं.

वॉरंटीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला. सर्व्हिस सेंटरला तोडलेली तार दिसली की वायरिंगचा कुठलाही दावा नाकारायला कारण मिळतं, तो बिघाड त्या तारेशी संबंधित असो वा नसो. हार्नेस काढून मूळ कपलर लावलं की निदान त्या भागात वाद उरत नाही. विम्याचं मात्र वेगळं बघावं लागतं. नंतर जोडलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंची नोंद पॉलिसीत स्वतंत्र करता येते, जुन्या मोटार टॅरिफमध्ये त्यासाठी वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता ठरलेला होता. ही नोंद केली नाही तर चोरीच्या वा अपघाताच्या दाव्यात ॲम्प्लिफायर गणलाच जात नाही. म्हणून बिलावर ‘म्युझिक सिस्टीम काम’ असं मोघम लिहू नये. ॲम्प्लिफायरचं मॉडेल आणि किंमत, हार्नेसचा प्रकार आणि किंमत, पॉवरच्या तारेचं माप, फ्यूजचे अँपिअर आणि तो कुठे आहे, एवढं वेगवेगळं लिहून द्यावं. हार्नेसची ओळ वेगळी दिसली की गिऱ्हाईक त्याचे पैसे का घेतले ते विचारतं, आणि ते समजावून सांगण्यात दोन मिनिटांपेक्षा जास्त जात नाहीत.